पंच्याण्णव वर्षांची जमीन, अकरा महिन्यांचं घर

एमआयडीसी कारखान्याला भूखंड देते तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. निगडी-आकुर्डीच्या बाजूला नवनगर विकास प्राधिकरणाने १९७२ पासून जे भूखंड पाडले, ते ९९ वर्षांच्या पट्ट्याने. ते कायमच्या मालकीचे करून मिळावेत ही तिथल्या रहिवाशांची मागणी जुनी आहे, कारण ९९ वर्षंही त्यांना अपुरी वाटतात. आणि याच पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर, पेंट शॉपमध्ये नाहीतर असेंब्ली लाइनवर उभं राहून अठ्ठावन्नाव्या वर्षी गेटपास परत करणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर नसेल, तर त्याला डोक्यावर छप्पर मिळतं अकरा महिन्यांच्या बोलीवर.

निवृत्तीनंतर भाड्याने राहायचं म्हटलं की चर्चा थेट भाड्याच्या आकड्यावर येते. वाकडला किती, चिखलीला किती, तळेगावला किती. आकडा महत्त्वाचा आहेच. पण साठीनंतर घर बदलणं हे तिशीतल्या माणसासारखं टेम्पो बोलावून उरकता येत नाही. दवाखाना, औषधाचं दुकान, उधारी देणारा वाणी, सकाळी बाकावर भेटणारी चार माणसं हे सगळं दर वर्षाला नव्याने जमवावं लागलं, तर स्वस्त घरही महाग पडतं. म्हणून या प्रश्नाचा आढावा घेताना मी भाड्यापेक्षा मुदतीला जास्त वजन देणार आहे.

युरोप-अमेरिकेतले पेन्शनर स्वस्ताई शोधत थायलंड किंवा पोर्तुगालला जातात आणि तिथे भाड्याने राहतात. थायलंडचा निवृत्ती व्हिसा पन्नाशी ओलांडलेल्याला मिळतो, पण बँकेत आठ लाख बात ठेव किंवा महिन्याला ६५ हजार बात उत्पन्न दाखवावं लागतं. आपल्याकडच्या कामगाराला हे स्वप्नातही परवडणारं नाही, आणि गरजही नाही. लातूर, बीड, जळगाव, सातारा, सोलापूरहून इथे आलेल्याला पिंपरी-चिंचवड हाच परमुलूख होता. आता त्याच परमुलखात म्हातारपण काढायचं, की गावी परतायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न.

असे भाडेकरू कोण असतात? कायम कामगार ज्याला म्हणतात, त्याने बहुतेक वेळा सोसायटीचं कर्ज काढून का होईना, एखादा फ्लॅट केलेला असतो. साठच्या दशकात टेल्को आणि बजाजच्या जोडीने जी पिढी इथे आली, तिची घरं झाली. अडचण पुढच्यांची. कंपनी बंद पडून किंवा व्हीआरएस घेऊन मधेच बाहेर पडलेले, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर आयुष्य गेलेले. बजाजचं आकुर्डीतलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. त्याआधी आणि नंतर चिंचवड-भोसरीत कितीतरी शेड शांत झाल्या. दुसरा गट मुलीच्या लग्नात किंवा मुलाच्या धंद्यात घर विकून बसलेल्यांचा. तिसरा, घर मुलाच्या नावावर करून दिल्यावर सुनेशी पटेना म्हणून वेगळी खोली शोधणाऱ्यांचा. याबद्दल कोणी मोकळेपणी बोलत नाही, पण एजंटांना हा गट चांगला ठाऊक असतो. (२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर सांभाळ न झाल्यास परत मागता येतं. बक्षीसपत्रात ती अट लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.)

चौथा गट मला सगळ्यांत विचार करायला लावतो. त्यांचं घर आहे, पण तिसऱ्या मजल्यावर. शाहूनगर, संभाजीनगर, यमुनानगर, संत तुकारामनगर या जुन्या वसाहतींत तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती भरपूर. चाळिशीत जिना दिसलाही नव्हता. गुडघे गेल्यावर तोच जिना माणसाला घरात कोंडतो. अशी जोडपी आपला फ्लॅट कंपनीतल्या पोरांना भाड्याने देतात आणि स्वतः जवळपास तळमजल्यावर भाड्याने राहतात. घरमालक आणि भाडेकरू एकाच माणसात. विकण्यापेक्षा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो, कारण येणारं भाडं जाणाऱ्या भाड्याबरोबर वाढत राहतं.

आता पैशाचं बघू. ईपीएस-९५ ही कामगारांची पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७० हे तिचं सूत्र. पगाराची कमाल मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार, त्याआधी ६,५००. समजा, एखादा कामगार १९९५ च्या अखेरीस लागला आणि २०२५ च्या अखेरीस निवृत्त झाला. आधीची एकोणीस वर्षं ६,५०० ने आणि नंतरची अकरा १५ हजारांनी धरायची, वीस वर्षांवर सेवा म्हणून दोन वर्षं जादा मिळवायची. महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास पेन्शन बसतं. किमान पेन्शन तर २०१४ पासून हजार रुपयांवरच आहे. ते साडेसात हजार करा म्हणून पेन्शनर वर्षानुवर्षं आंदोलनं करत आहेत. म्हणजे निव्वळ पेन्शनवर या पट्ट्यात धड घर मिळणं कठीण. भाडं निघणार ते पीएफ-ग्रॅच्युइटीच्या रकमेच्या व्याजातून.

ती रक्कम १५ लाख आहे असं धरा. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ठेवली, तर तिमाहीला ३०,७५०, महिन्याला १०,२५० रुपये. पेन्शन मिळवून पावणेपंधरा हजार. त्यातून दहा हजार भाडं गेलं की हातात उरतात पावणेपाच हजार, दोन माणसांच्या किराण्याला, विजेला आणि रक्तदाबाच्या गोळ्यांना. हिशोब जेमतेम बसतो. एक मोठं आजारपण आलं की फिसकटतो.

नेमक्या याच वेळी कोणीतरी हेवी डिपॉझिटचं गाजर दाखवतं. पाच लाख अनामत द्या आणि भाडं नाममात्र ठेवा, किंवा भाडंच नको. हातात नुकताच पीएफ आलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. दर महिन्याची कटकट मिटते. मी मात्र याच्या पूर्ण विरोधात आहे. पाच लाखांचं ८.२ टक्क्यांनी महिन्याचं व्याज ३,४०० रुपयांच्या वर जातं, म्हणजे घर फुकट नाही, तेवढ्या भाड्याचं आहे. भाड्यातली सूट त्याहून बरीच मोठी असेल, तर मोह समजू शकतो. पण ते पाच लाख आता मालकाकडचं विनातारण कर्ज झालेलं असतं. त्याने ते दुसऱ्या फ्लॅटच्या बुकिंगला घातले आणि तुम्ही सोडायचं म्हटलंत, की उत्तर ठरलेलं: नवा भाडेकरू आला की देतो. आणि त्या फ्लॅटवर बँकेचं कर्ज असून हप्ते थकले असतील, तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ताबा घ्यायला येते तेव्हा तुमची अनामत तिच्या खिजगणतीत नसते. म्हणून घर बघताना स्वयंपाकघराच्या ओट्याइतक्याच चौकसपणे विचारा: घरावर लोन आहे का, सोसायटीचा मेंटेनन्स थकलाय का? मालकाला राग आला, तर तो आलेलाच बरा.

आता कराराकडे. अकरा महिन्यांची प्रथा आली कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. नोंदणीचा खर्च आणि खेटे टाळायला मुदत वर्षाच्या आत आणली गेली. त्यात १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची दहशत होती. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही, ही भीती मालकांच्या तीन पिढ्यांत मुरली.

पण महाराष्ट्रात आज या दोन्ही कारणांत दम उरलेला नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे, मग मुदत अकरा महिन्यांची असो की पाच वर्षांची. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि न केल्यास दंड वा कैदेची तरतूद त्याच्यासाठीच. दुसरीकडे कलम २४ मालकाच्या बाजूने उभं राहतं. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट शुल्क लागतं. मालक आता पुरेसा सुरक्षित आहे. तरी अकरा महिने टिकून आहेत, कारण नमुना तसा टाइप केलेला आहे आणि एजंटचं पोट नूतनीकरणावर आहे.

मुद्रांक शुल्काचा कायदा तर साठ महिन्यांपर्यंत मोकळीक देतो. साठ महिन्यांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्सला एकूण भाड्यावर पाव टक्का शुल्क लागतं, अनामतीवर वर्षाला दहा टक्के काल्पनिक व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. नोंदणी फी शहरी भागात हजार, ग्रामीण भागात पाचशे. दहा हजार भाडं आणि ४० हजार अनामत असेल, तर साठ महिन्यांचं भाडं सहा लाख, अनामतीचं व्याज वीस हजार. पाव टक्क्याने साधारण १,५५० रुपये, अधिक फी हजार. भाडेवाढ धरली तर थोडं वर. एकदाच. तीच पाच वर्षं अकरा-अकरा महिन्यांनी काढायची तर सहा करार, प्रत्येकाला तेराशेच्या आसपास, म्हणजे आठ हजारांच्या घरात. त्यावर दर वेळी एजंटची फी. घर बदलावं लागलं तर एक महिन्याच्या भाड्याइतकी दलाली आणि सामानाचा टेम्पो वेगळा.

खरा फरक भाडेवाढीत पडतो. दर नूतनीकरणाला दहा टक्के वाढ हा अकरा महिन्यांच्या करारांतला रुळलेला रिवाज. दहा हजारांचं भाडं सहाव्या करारात १६,१०० वर पोचतं. पाच वर्षांच्या करारात वर्षाला पाच टक्के ठरवून घेतले, तर पाचव्या वर्षी ते १२,१५५ असतं. ज्याचं पेन्शन गोठलेलं आहे आणि ठेवीचा व्याजदर पाच वर्षांसाठी बांधलेला आहे, त्याला या दोन आकड्यांतलं अंतर म्हणजे महिन्याचा किराणा.

साठ महिन्यांचा करार म्हणजे अभेद्य किल्ला मात्र नाही. लीव्ह अँड लायसन्समध्ये जागेत हक्क निर्माण होत नाही, फक्त राहण्याची परवानगी मिळते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार मालकाने घर विकलं, तर नवा मालक त्या परवानगीला बांधील नसतो. भाडेपट्टा असेल तर तो घराबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण भाडेपट्टा द्यायला इथे कोणी तयार होत नाही. तेव्हा करारात तीन ओळी घालून घ्याव्यात: मुदतीत घर विकायचं झालं तर सहा महिने आधी लेखी सूचना आणि अनामत ताबा देण्याच्या दिवशीच परत, मालकावर ठराविक काळाचा लॉक-इन, भाडेकरूला मात्र एका महिन्याच्या नोटिशीने निघण्याची मुभा, आणि जोडप्यातलं एक गेलं तरी दुसऱ्यासाठी करार चालू. ही शेवटची ओळ बोलताना जीभ अडखळते. म्हणूनच करारात पतीपत्नी दोघांचीही नावं आधीपासून टाकावीत, म्हणजे तो विषय काढायची वेळ येत नाही.

नोंदणीला आता दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावं लागत नाही. एजंटचा पोरगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र पिशवीत घालून घरी येतो. फोटो निघतो. मग आजोबांचा अंगठा. तीस वर्षं कूलंट, ग्रीस आणि लोखंडाच्या किसात गेलेल्या बोटांवर रेषा राहिलेल्या नसतात, आणि यंत्र नाही म्हणतं. हात धुऊन या, म्हणतो पोरगा. साबणाने धुतात. पुन्हा नाही. तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. आजींचा अंगठा एका दमात लागतो आणि त्या यजमानांकडे बघून हसतात. शेवटी कुठलं तरी बोट जुळतं. या गडबडीत मुदतीच्या रकान्यात काय भरलंय, हे बघायचं राहून जातं.

राहायचं कुठे? चाकणबद्दल आधी सांगतो, कारण तिथे जागा स्वस्त असेल असा समज आहे. फोक्सवॅगन २००९ ला आली, पाठोपाठ महिंद्रा आणि त्यांचे पुरवठादार. आणि नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी, महाळुंगे, कुरुळी या गावांत शेतकऱ्यांनी खोल्यांच्या रांगा बांधल्या. त्या बांधल्या परप्रांतीय आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या एकट्या पोरांसाठी. एका खोलीत चार-पाच जण, शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपणारे. भाडं माणशी निघतं, त्यामुळे एका म्हाताऱ्या जोडप्याला ती खोली मुळीच स्वस्त पडत नाही. संडास बऱ्याचदा सामाईक. रेल्वे नाही. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावर आणि पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनरांची रांग लागली, की रुग्णवाहिकाही त्याच रांगेत. नातवंडं तिथे असतील तर गोष्ट वेगळी. नसतील, तर निवृत्तीसाठी चाकण नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिंपरी-चिंचवडच्या जुन्या भागाचा मोठा गुण म्हणजे दवाखाना. संत तुकारामनगरात महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, मोहननगरात ईएसआयचं. किमान पाच वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला ईएसआयचे उपचार मिळत राहतात. निम्म्या लोकांना ही सोय माहीतच नसावी, अशा रीतीने ते खासगी दवाखान्यांत पैसे ओततात. या एका कारणासाठी मोहननगर, काळभोरनगर, शाहूनगर परिसरात हजार-दोन हजार जास्त भाडं देणं परवडतं. पिंपरीपासून मेट्रो आहे, ती सिव्हिल कोर्टापर्यंत २०२३ मध्ये पोचली. पाण्याची चौकशी मात्र जरूर करा. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात एक दिवसाआड पाणी येतं. टाकी किती मोठी, टँकरचा खर्च कोणाकडे, हे करारात यायला हवं.

वाकड, रावेत, ताथवडे हा भाग हिंजवडीच्या पगारांवर चालतो. लिफ्ट, पार्किंग, रखवालदार सगळं आहे, पण भाडं दोन पगारांच्या घरांनी ठरवलेलं असतं. इथले बरेच मालक अमेरिकेत किंवा जर्मनीत. तेव्हा एक गोष्ट भाडेकरूला ठाऊक हवी. मालक अनिवासी असेल, तर भाडं कितीही कमी असो, त्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. सत्तरीच्या माणसाने हे झेंगट गळ्यात घेऊ नये. मालक देशात राहतो का, हे पहिल्याच फोनवर विचारावं.

उरलं तळेगाव दाभाडे. हवा बरी, चालायला मोकळे रस्ते, आणि लोणावळा लोकल, जी चिंचवड-आकुर्डीच्या जुन्या ओळखी तोडत नाही. पेन्शनर मंडळींची तिथे आधीपासून वस्ती आहे. स्टेशनपासून लांब घेऊ नका, एवढंच.

गावी परतणं हा उपाय कोणी हिरावलेला नाही, आणि अलीकडे तो सोपाही झालाय. जानेवारी २०२५ पासून ईपीएसचं पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेतून काढता येतं, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटी फुकट आहे. पण गावात भावकीच्या वाटणीत आपली खोली उरली आहे का, आणि डायलिसिसचं केंद्र किती तासांवर आहे, याची उत्तरं निघण्याआधी मिळवायला हवीत.

ज्येष्ठांसाठी खास बांधलेले प्रकल्प पुण्यात आहेत. परांजपे स्कीम्सचं अथश्री त्यांत जुनं. २०२४ मध्ये महारेराने अशा प्रकल्पांसाठी नमुना मार्गदर्शक तत्त्वं काढली: एका मजल्यापेक्षा उंच इमारत असेल तर लिफ्ट, व्हीलचेअर जाईल अशी किमान ९०० मिलिमीटरची दारं, न घसरणाऱ्या फरश्या, धरायला दांडे. चांगलंच आहे. पण ही घरं मुख्यतः विकत घ्यायची आहेत, आणि लेथवरच्या माणसासाठी नाहीत. त्या यादीचा उपयोग इतकाच की साधं भाड्याचं घर बघताना ती खिशात ठेवावी आणि न्हाणीघराचं दार मोजावं.

सरकारी पातळीवर भाड्याच्या घरांची भाषा आता ऐकू येते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०२४ पासूनच्या शहरी टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा वेगळा विभाग आहे, आणि राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांचा आणि औद्योगिक कामगारांचा उल्लेख आहे. केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. जर्मनीत तर करार बेमुदत असणं हाच नियम आहे. मुदत घालायची तर मालकाला कायद्यात बसणारं कारण द्यावं लागतं, आणि अनामत तीन महिन्यांच्या भाड्यावर जात नाही. तिथला पेन्शनर घर विकत न घेताही एकाच घरात म्हातारा होतो. आपल्या पट्ट्यात जर्मन कंपन्या आल्या, त्यांचे भाडेकरार आले नाहीत.

शेवटचा अडसर कायद्यात सापडत नाही. एकटी विधवा बाई असेल, किंवा आडनाव विशिष्ट असेल, तर रिकामं घर अचानक दिलं गेलेलं असतं. म्हातारं माणूस, उद्या काही झालं तर धावपळ कोण करणार, असंही तोंडावर विचारलं जातं. याला उत्तर म्हणून अनेक जण मुलाचा किंवा पुतण्याचा नंबर करारात संपर्क म्हणून देतात, आणि त्याने खरोखर फरक पडतो. मालकांनाही एक सांगायचं आहे: वेळेवर भाडं देणारा, दारू न पिणारा, रोज दुपारी घरात असणारा आणि पाच वर्षं हलायची इच्छा नसलेला भाडेकरू पेन्शनरांतच जास्त सापडतो. दर वर्षी नवी पोरं, नवा रंग आणि मधले दोन महिने कुलूप, यांचा हिशोब एकदा मांडून पाहा.

आणि जे यंदा निवृत्त होत आहेत त्यांना विनंती: पीएफ आधी ठेवीत टाका, घर नंतर शोधा. पोरगा लॅपटॉप उघडेल तेव्हा मुदतीच्या रकान्यात आपण होऊन साठ महिने सांगा. मालक फार तर छत्तीसवर येईल. छत्तीसही चालतील.